शिळ्या भाकरीचा हिशेब

कापडाच्या दुकानात ताग्याच्या शेवटी उरलेला पाऊण मीटरचा तुकडा कोणी फेकत नाही. तो कटपीसच्या गठ्ठ्यात जातो आणि त्यातून एखाद्या लेकराचे झबले निघते. आमच्या न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना उभा राहिला. साखर धंद्यातही तोच कायदा आहे. उसाचे चिपाड बॉयलरला जाते, मळी विकली जाते, गाळ शेतात खत म्हणून पडतो. मात्र दुकानात पैशापैशाचा हिशेब ठेवणारे आपले व्यापारी बंधू घरच्या दस्तरख्वानावर काय उरले ते विचारीतही नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतातील घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते असा अंदाज आहे. तो बाजूला ठेवा, घरचाच हिशेब करू. समजा, रोज दोन भाकऱ्या आणि वाटीभर सालन मिळून दहा रुपयांचा माल टाकला. वर्षाचे ३,६५० रुपये झाले. कारागिराच्या घरात एवढ्यात मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय होते.

शिरूर-दौंडकडच्या बायकांना ही विद्या शिकवायला नको. शिळी भाकरी कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी दिली की सकाळची न्याहारी झाली. उरलेली डाळ थालीपिठाच्या पिठात मळतात. पावाच्या शिळ्या तुकड्यांचा तर शाही टुकडा होतो, आणि तो खाताना पाव कालचा होता हे कोणाच्या ध्यानातही येत नाही! अगदीच कडक झालेली भाकरी शेळीला घालावी. बुरशी आली असेल तर तिलाही नको.

भाताच्या बाबतीत मात्र कंजुषी अंगाशी येते. शिजवल्यावरही काही जंतूंची बीजे भातात जिवंत राहतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेली बिर्याणी रात्रभर देगेत झाकून ठेवू नये. पसरट परातीत काढून लवकर गार करावी, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी. फ्रीज नसेल तर त्याच वेळी वाटून टाकावी.

वाटण्याचीही शिस्त लागते. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, युसूफ मुकाती यांनी डिसेंबर २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली. घरोघरच्या लोकांनी दोन रोट्या आणि सालन आणून द्यायचे, गरजूंनी ते घेऊन जायचे, अशी ती पद्धत. खराब झालेले अन्न गरिबाला देणे ही खैरात नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

खरी गळती शादीच्या दावतीत आहे. पाचशे पाहुणे येणार असतील तर यजमान इज्जतीपोटी सातशेंचा आकडा सांगतो, आणि बावर्ची त्यावर आपला अंदाज चढवतो. आकडा घरातल्या हिशेबी माणसाने मोजून द्यावा, आणि शेवटची देग पहिली पंगत उठल्यावरच चढवायची, हे बावर्चीशी आधीच ठरवून घ्यावे.