अळी आजारी, की कात टाकतेय?

पैठणीचं कौतुक आपल्याला फार. पण जिच्या कोषातून रेशीम निघतं त्या अळीची उसाभर तान्ह्या बाळासारखीच असते, बरं का! मराठवाड्यात आज कितीतरी जणी तुती लावून अळ्या पाळतात.

अळीनं पाला सोडला, मान वर करून गप्प बसली, की नवखी बाई घाबरते. पण मैत्रिणींनो, हे दुखणं नव्हे. कोष विणण्याआधीच्या पंचवीसएक दिवसांत ती चारदा कात टाकते, नि दर वेळी दिवसभर उपाशीच असते. तेव्हा पाला घालू नका, हात लावू नका. चुन्याची भुकटी तेवढी भुरभुरवा. बिछाना कोरडा राहतो.

खरं दुखणं निराळं. अंग सुजून पिवळट तकतकीत, सांधे फुगलेले, अळी सैरावैरा फिरतेय, कातडी फाटून दुधासारखं पाणी येतंय, तर ही ग्रासरी. विषाणूचा रोग, औषध नाही. एकीपायी अख्खी बॅच जाते, म्हणून रोज सकाळी बघाच. चिमट्यानं उचलून ब्लीचिंगच्या पाण्यात टाका, मग लांब पुरा. कोंबड्यांपुढे टाकू नका. हात धुतल्याशिवाय पाल्याला शिवायचं नाही.

लुळी, काळसर अळी दिसली तर ओला-शिळा पाला नि कोंदट हवा आधी बंद करा. पावसाळ्यात मेलेली अळी खडूसारखी पांढरी, कडक झाली तर ती बुरशी. खिडक्या उघडा, ओल घालवा.

बॅच संपली की रॅक, जाळ्या, भिंती सगळं निर्जंतुक करून मगच नवी अंडीपुंज आणा.