व्हॉल्व्ह स्प्रिंग अचानक का तुटते?

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवर मानपाड्याजवळ माझी बाईक ‘टक्’ असा आवाज करून बंद पडली. ढकलत गॅरेजला नेली. हेड खोललं तर व्हॉल्व्ह स्प्रिंगचे दोन तुकडे! सहा महिन्यांपूर्वीच बदललेली, स्वस्तातली. त्यात सुटलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला आणि खर्च थेट इंजिनाचा आला.

आता हिशेब करू. इंजिन मिनिटाला ४००० फेरे मारतंय असं धरा. फोर स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना व्हॉल्व्ह एकदा उघडतो, म्हणजे स्प्रिंग मिनिटाला २००० वेळा दबते. अर्ध्या तासात ६०,००० वेळा. (घोडबंदरला अर्धा तास म्हणजे विनोदच, पण धरून चाला.) रोज जाऊन-येऊन १,२०,०००. ८४ दिवसांत एक कोटीच्या वर!

तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुढे-मागे वाकवत राहिलं की तुटते. हाच धातूचा थकवा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, साधारण त्याच काळात जर्मनीत ऑगस्ट व्होलर रेल्वेचे आस का तुटतात ते तपासत होते. एकदा किती भार पेलतो यापेक्षा तो किती वेळा कमी-जास्त होतो हे महत्त्वाचं, असं त्यांनी दाखवलं.

मग तार जाड केली तर? मलाही हेच सुचलं होतं. पण व्हॉल्व्ह किती उघडायचा हे कॅम ठरवतो, स्प्रिंगला तेवढं दबावंच लागतं. तेवढेच वेढे आणि तोच व्यास ठेवून तार जाड केली, तर तेवढ्याच दबण्यात तारेवरचा ताण उलट वाढतो. म्हणून डिझाइनर तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या एकत्र जुळवतात. शिवाय स्प्रिंग दबते तेव्हा तार पिळली जाते, आणि सगळ्यात जास्त ताण वेढ्याच्या आतल्या बाजूला येतो. व्यास तारेच्या सहापट असेल तर साध्या हिशेबापेक्षा तिथे सुमारे २५ टक्के जास्त. तडा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

यावर कारखान्यातला उपाय भारी आहे. तारेवर स्टीलच्या बारीक गोळ्यांचा मारा करतात. त्यामुळे पृष्ठभाग आतून आवळलेला राहतो आणि तडा उघडायला कठीण जातं. तार क्रोम-सिलिकॉन स्टीलची, शक्य तितकी स्वच्छ. आतला मळाचा बारीक कणही पुढे घात करतो. ठराविक वेगाला स्प्रिंगच स्वतः थरथरू लागते, म्हणून काही इंजिनांत वेढ्यांमधलं अंतर मुद्दाम असमान ठेवतात.

हे सगळं स्वस्त स्प्रिंगमध्ये झालंय का, ते नुसतं बघून कळत नाही. त्यामुळे हेड उघडाल तेव्हा स्प्रिंगची मोकळी लांबी मॅन्युअलशी ताडून घ्या. आणि मेकॅनिकला सांगा, दादा, पक्कड लावू नका. तिचा एक ओरखडाही तडा सुरू व्हायला पुरतो.