महाराष्ट्रातील फ्लोरोसिसची सामुदायिक तपासणी

पिण्याच्या पाण्यातून दीर्घकाळ अधिक प्रमाणात फ्लोराइड शरीरात गेल्याने दात व हाडे यांना जो विकार जडतो त्यास फ्लोरोसिस असे म्हणतात. महाराष्ट्रात प्रामुख्याने विदर्भाचा पूर्व व दक्षिण भाग आणि मराठवाड्यातील नांदेड जिल्ह्याचा पूर्व भाग येथील काही गावांत तो आढळतो. अशा गावांतील शाळकरी मुलांचे दात, प्रौढांचे सांधे, घरोघरीचे पाणी आणि काही व्यक्तींची लघवी यांची पद्धतशीर पाहणी करणे म्हणजे फ्लोरोसिसची सामुदायिक तपासणी होय. एकदा जडलेला विकार पूर्ववत करणारे औषध उपलब्ध नाही. त्यामुळे क्षयरोग किंवा मलेरियाच्या तपासणीप्रमाणे रुग्ण शोधून त्याला बरे करणे हा या तपासणीचा मुख्य हेतू नसतो. कोणत्या स्रोताचे पाणी पिणे थांबवले पाहिजे, हे तीतून ठरावे लागते.

खडक, विहिरी आणि फ्लोराइड

पाण्यातील फ्लोराइड बहुतेक ठिकाणी कारखान्यातून येत नाही, खडकातून येते. फ्लुओराइट, ॲपेटाइट, अभ्रक यांसारखी फ्लोराइडयुक्त खनिजे ग्रॅनाइट व पट्टिताश्म या जुन्या खडकांत अधिक असतात. पाणी अशा खडकांच्या भेगांतून दीर्घकाळ मुरत राहिले, ते अल्कधर्मी असले आणि त्यात कॅल्शियम कमी असले, की फ्लोराइड विरघळून साचत जाते. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्ट म्हणजे काळ्या कातळाने व्यापलेला आहे. या खडकातील पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण सर्वसाधारणपणे कमी असते. म्हणूनच साताऱ्यातील म्हसवड–दहिवडी किंवा सांगलीतील आटपाडी या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाण्याचे दुर्भिक्ष तीव्र असले, तरी फ्लोरोसिसची चर्चा तेथे फारशी होत नाही. चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि नांदेडमधील देगलूर–बिलोली, किनवट या भागांत मात्र जुने खडक वर आलेले आहेत. तथापि केवळ भूशास्त्रीय नकाशा पाहून गाव सुरक्षित ठरवता येत नाही. बेसाल्ट, चुनखडक व गाळाचे खडक एकत्र येणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसराच्या भूजलातही अधिक फ्लोराइड आढळल्याचे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. एकाच गावातील दोन हातपंपांच्या पाण्यातही मोठा फरक असू शकतो, कारण दोन्ही विंधन विहिरी वेगवेगळ्या भेगांतून पाणी ओढतात.

या समस्येमागे एक विपर्यास आहे. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या दशकांत राज्यात विंधन विहिरी व हातपंप मोठ्या संख्येने झाले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही शासकीय संस्थाही १९७२ मध्येच स्थापन झाली. उघड्या पायविहिरींतून होणारा नारूचा रोग हटवण्यात हातपंपांचा मोठा वाटा होता. भारत २००० साली नारूमुक्त घोषित झाला. परंतु उथळ आडातील पाणी सोडून खोल कातळातले पाणी उपसले जाऊ लागल्यावर, जेथे खडक अनुकूल होता तेथे नारू गेला आणि फ्लोराइड आले. बांगलादेशात जंतुरहित पाण्यासाठी घेतलेल्या कूपनलिकांतून आर्सेनिक वर आले, हे याच प्रकारचे अधिक भीषण उदाहरण आहे.

भारतीय मानक ब्यूरोच्या मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे, आणि अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ मिलिग्रॅम आहे. या मर्यादा प्रतिलिटर असतात, माणसागणिक नसतात, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. वैशाखात दिवसभर रानात राबणारा मजूर सावलीत बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट पाणी पितो. त्याच्या शरीरात जाणारे फ्लोराइडही तितकेच अधिक असते.

पूर्वेतिहास

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला स्थानिकांच्या दातांवरील तपकिरी डाग आढळले. त्यांचे कारण पाण्यातील फ्लोराइड आहे, हे १९३१ मध्ये स्पष्ट झाले. भारतात हा विकार प्रथम १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून नोंदवला गेला. त्या संशोधनात एच. ई. शॉर्ट यांच्यासोबत, पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झालेले डॉ. चिंतामण गोविंद पंडित हेही होते. त्यानंतर अनेक दशके हा विषय बहुतांशी संशोधकांपुरता राहिला. केंद्र शासनाचा राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००८–०९ मध्ये सुरू झाला. पुढे त्यात महाराष्ट्रातील नांदेड, चंद्रपूर आदी जिल्ह्यांचा समावेश झाला. पहिली नोंद आणि पहिला राष्ट्रीय कार्यक्रम यांत ७० हून अधिक वर्षांचे अंतर आहे.

शाळेतील दंत तपासणी

तपासणीचा आरंभ बहुधा प्राथमिक शाळेत होतो, आणि त्याला सबळ कारण आहे. दातांवरील कवच, म्हणजे दंतवल्क, हिरडीच्या आत घडत असतानाच फ्लोराइडचा त्यावर परिणाम होतो. अक्कलदाढा वगळता कायमच्या दातांचे कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार होते. त्यानंतर कितीही फ्लोराइड पोटात गेले, तरी दंत फ्लोरोसिस नव्याने होत नाही. म्हणून ६ ते ११ वयोगटातील मुलांचे पुढचे दात पाहिले, की ते मूल तान्हे असताना आणि रांगत असताना त्या घरी कोणते पाणी येत होते याचा अंदाज करता येतो. मूल त्याच गावात जन्मले काय, आजोळी वाढले काय, आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जात होते काय, हे प्रश्न त्यामुळे दात पाहण्याइतकेच महत्त्वाचे ठरतात. ते न विचारता केलेली नोंद चुकीच्या विहिरीवर ठपका ठेवू शकते.

मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवतात, दात स्वच्छ पुसून घेतात आणि पाहणी करतात. प्रतवारीसाठी अमेरिकी दंतशास्त्रज्ञ ट्रेंडली डीन यांचा १९४२ चा निर्देशांक आजही वापरला जातो. निर्दोष, शंकास्पद, अतिसौम्य, सौम्य, मध्यम व तीव्र अशा त्याच्या पायऱ्या आहेत. सुरुवातीला दातावर खडूसारखे पांढुरके पट्टे दिसतात. पुढे ते पिवळे, तपकिरी होतात, आणि तीव्र अवस्थेत कवचाला खळगे पडतात.

महाराष्ट्रात या पाहणीत घोटाळा होण्याचा संभव विशेष आहे. मिश्री, तंबाखू, गुटखा व सुपारी यांचे डाग सर्वत्र दिसतात, आणि मिश्री लावण्याची सवय अनेक घरांत लहान वयातच लागते. अशा डागांपासून फ्लोरोसिस ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. फ्लोरोसिसचे पट्टे आडवे असतात, हिरडीलगत न राहता दाताच्या पृष्ठभागावर पसरलेले असतात, डाव्या व उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात आणि घासून किंवा खरवडून जात नाहीत, कारण ते कवचाच्या आत असतात. प्रशिक्षित शिक्षक किंवा आशा स्वयंसेविका प्राथमिक निवड करू शकते. निदानाची निश्चिती दंतवैद्याने करावी लागते.

प्रौढांची तपासणी

शरीरातील जवळपास सर्व फ्लोराइड हाडे व दात यांत साठते. वर्षानुवर्षे ते साचत गेले की मान, पाठ व गुडघे आखडतात, अस्थिबंध कठीण होतात आणि अखेरीस कणा वाकून माणूस परावलंबी होतो. यास अस्थी फ्लोरोसिस म्हणतात. आरंभीची दुखणी संधिवातासारखीच असल्याने गावात त्यांना ‘वाताचा त्रास’ म्हणून सोडून दिले जाते, आणि वेदनाशामक गोळ्यांवर वर्षे निघून जातात. लहान मुलांत, विशेषतः आहारात कॅल्शियम कमी असल्यास, गुडघे आत वळून पाय वाकडे होतात. भारतात राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ मध्ये फ्लोराइडबाधित भागांतून या विकृतीची नोंद केली.

घरोघरी करावयाच्या पाहणीसाठी तीन साध्या हालचाली वापरतात. व्यक्तीने गुडघे न वाकवता जमिनीवरचे नाणे उचलावे, हनुवटी छातीला लावावी, आणि दोन्ही हात बाजूला ताणून नंतर कोपरात दुमडून डोक्यामागे न्यावेत. या हालचाली जमल्या नाहीत, म्हणजे फ्लोरोसिस आहेच असे नव्हे. वय, जुनी इजा, खरा संधिवात ही कारणेही असू शकतात. अशा व्यक्तीच्या हाताचा एक्स-रे काढतात. कोपर व मनगट यांमधील दोन हाडांच्या मधल्या पडद्यात कॅल्शियम साचलेले दिसले, तर निदानाला बळकटी येते. नाण्याच्या चाचणीला वैद्यकीय उपकरण लागत नाही, म्हणून ती लोकांना लवकर पटते. वाडीतील म्हातारी माणसे ती करून पाहतात आणि कोणाला जमत नाही हे सर्वांसमोर दिसते. तेच तिचे न्यूनही आहे, कारण उपचार नसलेल्या विकाराची जाहीर परीक्षा कोणाला आवडेल? तपासणी घरात, एकेकाची, आणि संमतीने करणे म्हणूनच उचित मानले जाते.

पाणी आणि लघवीची चाचणी

दात भूतकाळ सांगतात. आज शरीरात किती फ्लोराइड जात आहे हे लघवीवरून कळते, कारण शोषलेल्या फ्लोराइडचा न साठलेला भाग मूत्रपिंडातून बाहेर पडतो. चाचणी आयन-निवडक इलेक्ट्रोड असलेल्या मापकावर करतात. राष्ट्रीय कार्यक्रमात यासाठी जिल्हा रुग्णालयात यंत्र व तंत्रज्ञ यांची तरतूद आहे. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेतात. काचेशी फ्लोराइडची प्रक्रिया होत असल्याने काचेची बाटली टाळतात. लघवीत प्रमाण अधिक आणि घरच्या पाण्यात कमी असे आढळल्यास अन्य स्रोत शोधावा लागतो. शेतावरची बोअरवेल, काळा चहा, सुपारी, काळे मीठ, फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट गिळणे ही त्याची नेहमीची कारणे होत.

पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळांत होते. ग्रामपंचायत पातळीवर जलसुरक्षक नमुने गोळा करतो. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना क्षेत्रीय संचाने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. नमुना पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असा दोनदा घेणे इष्ट असते. ऑक्टोबरमध्ये निर्दोष ठरलेला हातपंप मे महिन्यात मर्यादा ओलांडू शकतो.

तपासणीनंतर

आरोग्य विभाग दात पाहतो, भूजल यंत्रणा पाणी तपासते, नळयोजना जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे असते आणि हातपंप ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतो. या चौघांची कागदपत्रे एका टेबलावर आली नाहीत, तर मुलांच्या दातांची नोंद एका कपाटात आणि पाण्याचा अहवाल दुसऱ्या कपाटात पडून राहतो. तपासणीचे खरे अपयश बहुधा येथेच होते. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने नांदेडसह राज्यातील अनेक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना फ्लोराइडबाधित गावांबाबत उपाययोजनेचे आदेश दिले, त्यामागेही हाच विस्कळीतपणा होता.

दूषित हातपंपास लाल रंग देऊन ‘पिण्यास अयोग्य’ असे लिहिण्याची पद्धत आहे. पर्यायी पाणी जवळ नसेल तर उन्हाळ्यात लोक पुन्हा त्याच हातपंपावर येतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाण्याची वाफ झाल्याने उलट ते दाट होते. त्याच पाण्यात शिजवलेल्या डाळ-भातातूनही ते पोटात जाते, म्हणून स्वच्छ पाणी पिण्याइतकेच स्वयंपाकासाठीही हवे.

फ्लोराइड काढण्याच्या पद्धतींपैकी ‘नालगोंडा तंत्र’ नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) १९७० च्या दशकात विकसित केले. पाण्यात चुना व तुरटी ठराविक प्रमाणात घालून ढवळणे, गाळ बसू देणे आणि वरचे पाणी गाळून घेणे, असे त्याचे स्वरूप आहे. साहित्य स्वस्त व ओळखीचे आहे. परंतु तुरटीचे प्रमाण रोज सांभाळावे लागते आणि गाळाची विल्हेवाट लावावी लागते. सक्रियित ॲल्युमिना व आरओ संयंत्रे यांनाही नियमित देखभाल लागते, आणि ती थांबली की संयंत्र बंद पडते. जेथे नदीचे किंवा धरणाचे पाणी नळाने आणता येते, तेथे तो उपाय अधिक टिकाऊ ठरतो.

कॅल्शियम, क जीवनसत्त्व व प्रथिने यांनी युक्त आहार शरीरातील शोषण कमी करतो. दूध, शेवगा, आवळा आणि पावसाळ्यात आपोआप उगवणारा टाकळा यांचा त्यासाठी उपयोग होतो. मध्य प्रदेशातील झाबुआ भागात टाकळ्याच्या भाजीचा असा वापर करण्यात आला आहे.

नाव्हाहो प्रदेशातील अनुभव

खडकातील घटक अंगी भिनलेल्या समाजाची तपासणी कशी करू नये आणि कशी करावी, या दोहोंचे उदाहरण अमेरिकेतील नाव्हाहो या आदिवासी राष्ट्रात सापडते. तेथे १९४४ ते १९८६ या काळात सुमारे ३ कोटी टन युरेनियम खनिज काढण्यात आले. ५०० हून अधिक खाणी पुढे तशाच सोडून दिल्या गेल्या. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५० पासून खाणकामगारांची वैद्यकीय तपासणी केली, परंतु किरणोत्सर्गाचा धोका त्यांना सांगितला नाही. अनेकांना पुढे फुप्फुसाचा कर्करोग झाला. भरपाईचा कायदा १९९० मध्ये आला. २०१० मध्ये सुरू झालेल्या नाव्हाहो जन्म-समूह अभ्यासात, न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या सहकार्याने, गर्भवती माता व बालके यांच्या लघवीतील युरेनियम मोजले जाते. त्यात नाव्हाहो भाषा बोलणारे स्थानिक कार्यकर्ते घरोघरी जातात आणि निष्कर्ष कुटुंबांना सांगितले जातात. महाराष्ट्रातील फ्लोराइड नैसर्गिक आहे आणि नाव्हाहो प्रदेशातील युरेनियमचा प्रश्न बहुतांशी खाणकामाने निर्माण झालेला आहे, हा भेद महत्त्वाचा आहे. तपासलेल्या माणसाला निष्कर्ष त्याच्या भाषेत कळवण्याचे कर्तव्य मात्र दोन्हीकडे सारखेच आहे. किनवट किंवा पांढरकवडा भागात ही भाषा मराठीच असेल असे नाही; तेथील अनेक घरांत गोंडी, कोलामी, बंजारा किंवा तेलुगू बोलली जाते.

फलिताचे मोजमाप

जलस्रोत बदलल्यानंतर लघवीतील फ्लोराइड काही आठवडे ते महिन्यांत उतरू लागते, मात्र हाडांत साठलेले फ्लोराइड सावकाश सुटत असल्याने दीर्घकाळ बाधित प्रौढांत ते बराच काळ चढेच राहू शकते. डागाळलेले दात तर तसेच राहतात, आणि काही भागांत त्यामुळे मुलामुलींचे विवाह जुळण्यात अडचण येते. दंतवैद्य डागांवर लेप किंवा आवरण चढवू शकतो, पण त्याचा खर्च सामान्य कुटुंबाला झेपत नाही. पाणी बदलल्याचा परिणाम दातांवर पाहायचा तर स्रोत बदलल्यानंतर जन्मलेल्या मुलांचे कायमचे पुढचे दात येईपर्यंत, म्हणजे सात ते आठ वर्षे, थांबावे लागते. बहुतेक योजनांचा आढावा मात्र आर्थिक वर्षाच्या शेवटी, मार्चमध्ये घेतला जातो.