टपाल गाळ्याबाहेर ठेवताना

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, गोलाणी नाका या पट्ट्यात गाळ्याला गाळा लागून आहे. डाय बनवणारे, प्लास्टिक मोल्डिंगवाले, टर्निंगची कामं घेणारे. दहा-पंधरा माणसांची युनिटं, पण धंदा सगळा ई-मेलवर. ड्रॉइंग येतं, कोटेशन जातं, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर येते, बिल जातं. डोमेन कंपनीच्या नावाचं असतं, होस्टिंग वर्षाच्या बोलीवर घेतलेलं असतं, आणि टपाल मात्र हिशेब बघणाऱ्या ताईंच्या एका कॉम्प्युटरमध्ये अडकलेलं असतं. कारण कधीकाळी कोणीतरी तिथे पॉप पद्धत लावून दिलेली. पॉपमध्ये पत्र सर्व्हरवरून खाली उतरतं आणि वेगळं काही सांगितलं नसेल, तर सर्व्हरवरून पुसलं जातं.

जुलै २०१८मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडल्या, तेव्हा तळमजल्यावरच्या गाळ्यांत या व्यवस्थेची किंमत कळली. ज्या डाय-मेकरचं काम मी केलं, त्यांच्या मशीन पुसून, ग्रीस लावून पुन्हा चालू झाल्या. हार्डडिस्क चालू झाली नाही. जुन्या गिऱ्हाइकांनी मंजूर केलेली ड्रॉइंग त्यांना गिऱ्हाइकांकडूनच पुन्हा मागून घ्यावी लागली. म्हणून त्यांची मागणी सरळ होती: टपाल गाळ्यात नको, आणि ते कुठूनही बघता आलं पाहिजे.

यावर उपाय म्हणजे आयमॅप आणि वेबमेल. आयमॅपची कल्पना मार्क क्रिस्पिन यांनी १९८६च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये मांडली. पत्र सर्व्हरवरच ठेवायचं, आपण फक्त तिथे जाऊन बघायचं. वेबमेल प्रोग्रॅम हे बघणं ब्राउझरमधून घडवतो. त्याच्याकडे स्वतःचं टपाल नसतं, हे मी प्रत्येक मालकाला आधी सांगतो. प्रोग्रॅम बदलला तरी पत्रं जागची हलत नाहीत, त्यामुळे निवडीची भीती निम्मी कमी होते.

निवडीला नावं तशी बरीच आहेत. १९९९पासूनचा स्क्विरलमेल इतका हलका, की जावास्क्रिप्टशिवायही चालतो. पण त्याची शेवटची स्थिर आवृत्ती २०११ची. होर्डमध्ये कॅलेंडर, कामांची यादी असं सगळं आहे, पण ताईंना त्यातलं काहीच नको होतं. रेनलूप दिसायला देखणा, पण त्याची देखभाल थांबली आणि त्याच्यातून निघालेला स्नॅपीमेल पुढे आला. आम्ही राउंडक्यूब घेतला. २००५मध्ये थॉमस ब्रुडर्ली यांनी सुरू केलेला, पीएचपीत लिहिलेला, मुक्त परवान्याचा. २०२३च्या अखेरीस तो नेक्स्टक्लाउडच्या छत्राखाली गेला.

मालकांना पडद्याचा रंग आवडला होता. माझं कारण वेगळं होतं. जून २०२५मध्ये राउंडक्यूबमध्ये एक गंभीर भोक उघड झालं. लॉगिन असलेल्या कोणालाही त्यातून सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येत होता, आणि ते दहा वर्षं तिथे होतं. ऐकून छातीत धस्स होतं. पण १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांत ते बुजवलं गेलं आणि तसं जाहीर सांगितलं गेलं. भोक प्रत्येक प्रोग्रॅममध्ये निघतं. ते बुजवायला कोणी जागं आहे का, हे मी बघतो. त्यापुढचा प्रश्न, नवी आवृत्ती चढवणार कोण? होस्टिंगच्या पॅनेलमध्ये तयार मिळणारा वेबमेल होस्टिंगवाल्यांच्या सवडीनं अद्ययावत होतो. आपण बसवला, तर ती जबाबदारी आपली, आणि ती कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवावी लागते.

वसई पूर्वेच्या बऱ्याच गाळ्यांना शुक्रवारी सुट्टी असते. बदल त्याच दिवशी करायचा ठरला. बसवण्याचं काम तसं छोटं. फाइल उलगडायची, डेटाबेस बनवायचा, आयमॅपला ९९३ आणि पत्र पाठवायला ५८७ हे पोर्ट द्यायचे, चोवीस अक्षरांची गुप्त किल्ली स्वतःची टाकायची आणि काम झाल्यावर इन्स्टॉलर बंद करायचा. ही शेवटची पायरी विसरली जाते आणि दार उघडं राहतं.

खरा वेळ जातो तो माणसांच्या सवयी बघण्यात. मी ताईंच्या शेजारी बसून नुसतं बघत होतो. त्या कोटेशन लिहायला घेतात, मध्येच फोन येतो, ट्रान्सपोर्टवाला दारात उभा राहतो, वीज जाते. राउंडक्यूब मसुदा मुळात दर पाच मिनिटांनी जपतो; तो वेळ एक मिनिटावर आणला. संपर्क तुटल्यावर दहा मिनिटांत लॉगिन संपतं, तेही वाढवलं. मग अटॅचमेंट. पीएचपीची मूळ मर्यादा दोन एमबीची, आणि डायचं ड्रॉइंग त्यात मावणं कठीण. मर्यादा वाढवली, पण बिनधास्त नाही. मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या सर्व्हरची मर्यादा पंचवीस एमबीची असेल, तर वीस एमबीचं ड्रॉइंग तिथे पोचत नाही. ताईंसाठी हा आकडा अठरा ठरवून दिला.

ऑर्डर आणणारा मुलगा विरार लोकलमध्ये उभ्यानं, एका हातात मोबाइल धरून मेल बघतो. २०१९च्या १.४ आवृत्तीपासून राउंडक्यूबला इलॅस्टिक हा पेहराव मिळाला, तो छोट्या पडद्यावर नीट बसतो. त्याला अंगठ्यानं पत्र उघडता आलं, तेव्हाच मी तो पेहराव कायम केला.

पत्र जाणं आणि पोचणं यांत मात्र फरक आहे, आणि त्यातली मेख वेबमेलमध्ये नसून डोमेनच्या नोंदींत असते. फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले. आमच्या डोमेनला एसपीएफच्या, म्हणजे आपल्या नावानं कोणत्या सर्व्हरनी पत्र पाठवायचं ते सांगणाऱ्या, दोन नोंदी निघाल्या, एक होस्टिंगची, एक बिलिंगच्या सॉफ्टवेअरसाठी नंतर घातलेली. नियम असा, की एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच. दोन झाल्या तर दोन्ही बाद. बिलं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये का जात होती, ते तिथे उमगलं. दोन्ही मिळून एक ओळ केली, जाणाऱ्या पत्रावर डोमेनची खूण उमटवणारी डीकेआयएमची सही चालू केली.

या तपासण्यांत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं ते सांगणारा डीमार्क सध्या फक्त नजर ठेवण्यापुरता लावला आहे. कोणकोण आपल्या नावानं पत्रं पाठवतं याचे अहवाल रोज येतात. बिलिंगचं सॉफ्टवेअर त्यात स्वच्छ दिसलं, की नियम एक पायरी कडक करायचा, असं मालकांशी बोलणं झालं आहे. तोवर ते अहवाल वेगळ्या फोल्डरमध्ये आपोआप पडतात, म्हणजे ताईंच्या इनबॉक्समध्ये पीओ वरच राहते.