साम्य कुणाच्या डोळ्यांनी? ट्राउट, मे-फ्लाय आणि एक जुना वाद

मागच्या वेळी आपण प्लेटोच्या अनुकरणाच्या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज त्याच प्रश्नाकडे नदीकाठानं जाऊ. विषय ऐकून काहींना हसू येईल : ट्राउट मासा पकडण्यासाठी गळावर बांधायचा नकली कीटक.

मी स्वतः मासे पकडत नाही. पण काही वर्षांपूर्वी मेअखेरीस इंग्लंडमध्ये, हॅम्पशर परगण्यातल्या टेस्ट नदीकाठी, एका वयस्कर गृहस्थांबरोबर दुपारभर उभा होतो. पाण्यावर मे-फ्लाय शेकड्यांनी उमलत होते, मासे सारखे वर येत होते, आणि यांचा नकली कीटक मात्र एकही मासा घेईना. कीटक अगदी हुबेहूब. मला तर खऱ्याशेजारी ठेवला असता तर ओळखू आला नसता. मग अडत कुठे होतं?

आधी या कीटकाची ओळख करून घेऊ. मराठीत मासा आणि माशी यांत घोटाळा व्हायचा, म्हणून मी कीटकच म्हणतो. टेस्टवरचा मोठा मे-फ्लाय बहुधा दोन वर्षं नदीतळाच्या गाळात काढतो. या पाण्यातल्या अवस्थेला निंफ म्हणतात. मग एका दिवशी निंफ पृष्ठभागाकडे येतो, कात फुटते, आणि आतून मळकट पंखांचा डन बाहेर पडतो. तो पंख शिडासारखे उभे धरून थोडा वेळ पाण्यावर वाहतो आणि झाडीत उडून जातो. तिथे तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर परत कात टाकणारे कीटक आज एवढेच. आता त्याचे पंख काचेसारखे झालेले असतात, हा स्पिनर. पंख फुटल्यानंतर तो काही खात नाही. मीलन, अंडी, मरण, बस्स. एका दिवसाच्या या जीवाची नोंद आपल्या ॲरिस्टॉटलनंही करून ठेवली आहे.

म्हणजे बघा, एकाच दुपारी एकच कीटक पाण्यात चार रूपांत असू शकतो : वर येणारा निंफ, कातीत अर्धा अडकलेला, तरंगणारा डन, आणि पंख पसरून मेलेला स्पिनर. ट्राउट पुष्कळदा यातलं एकच रूप निवडतो आणि बाकीची सोडून देतो. कारण साधं आहे. प्रवाहात जागा धरून राहायचं, कमीत कमी शक्ती खर्चायची. जे मुबलक आणि सहज मिळतंय त्यावर नजर बसली की तेच घ्यायचं.

आता वाद. फ्रेडरिक हाल्फर्ड या गृहस्थांनी १८८६ साली तरंगत्या नकली कीटकांवर ग्रंथ लिहिला. खरे कीटक गोळा करायचे, रंग न् रंग जुळवायचा, आणि वर येणाऱ्या माशापुढे तो कोरडा, तरंगता टाकायचा. पुढे अनुयायांनी त्याचा धर्मच केला. १९१० साली जी. ई. एम. स्क्यूज या वकिलानं पुस्तक लिहून म्हटलं की मासा पाण्याखालचंही खात असतो, तर तिथेही गळ टाकावा. पकडलेल्या माशाच्या पोटात काय निघतं हे तो बघायचा, आणि तिथे निंफ सापडायचे. तरी १९३८ साली, स्क्यूज ऐंशीच्या घरात असताना, लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निंफनं मासेमारी करणं उचित की अनुचित यावर वाद रंगला. पुरावा पोटात होता हो, पण नियम डोक्यात होता!

मला यातला मुद्दा असा दिसतो. हुबेहूब म्हणजे कुणाला हुबेहूब? आपण कीटक वरून, हातात धरून पाहतो. मासा खालून पाहतो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे त्याला बाहेरचं जग साधारण ९७ अंशांच्या शंकूतून, डोक्यावरच्या गोल खिडकीतूनच दिसतं. त्या खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो. तिथून येणाऱ्या डनचे त्याला आधी फक्त पायांनी पडलेले खळगे दिसतात. पंखांचा रंग नंतर. शिवाय दोरीच्या ओढीनं नकली कीटक प्रवाहाच्या आडवा घसरला, तर रंग कितीही चोख असो, फुकट. साम्य वस्तूत नसतं. ते पाहणाऱ्याच्या जागेवर आणि त्याच्या त्या वेळच्या गरजेवर ठरतं.

ते गृहस्थ शेवटी काठी बाजूला ठेवून खाली बसले. दहा मिनिटं नुसतं पाणी पाहिलं. मग मला म्हणाले, बुडबुडा दिसतोय का? मासा पृष्ठभागावरचा कीटक गिळतो तेव्हा थोडी हवाही तोंडात जाते आणि मागे बुडबुडा राहतो. इथे नुसती पाण्याची फुगवटी उठत होती, बुडबुडा नव्हता. म्हणजे डन आपल्याला दिसत होते, मासे मात्र त्याच्या जरा खाली, कात फुटण्याआधीच कीटक टिपत होते. त्यांनी कीटक बदलला. दिसायला ओबडधोबड, पृष्ठभागाखाली बुडून राहणारा. तिसऱ्या फेकीला मासा लागला. त्यांनी तो सोडूनही दिला.

हाल्फर्ड चुकीचा होता असं मी म्हणत नाही. त्याच्याइतकं बारकाईनं थोड्यांनीच पाहिलं असेल. चूक झाली ती पाहणं संपलं असं मानणाऱ्यांची. आणि ही चूक मी वर्गात वर्षानुवर्षं केली. उदाहरण मला चोख वाटतंय ना, एवढंच तपासलं. मागच्या बाकावरून ते कसं दिसतंय हे विचारलं नाही. मुलं गप्प बसली की मी त्यांना मंद समजायचो. मासा गळ घेत नाही, म्हणून माशाला दोष देण्यासारखंच ते.

पुढच्या वेळी प्लेटोच्या पलंगाकडे परत जाऊ. येताना एवढा प्रश्न बरोबर आणा : चित्रकारानं पलंग जसा 'दिसतो' तसा काढला म्हणतात, तो कुणाला, कुठून दिसतो? थांबतो. आता तुम्ही विचारा.