इरले आणि सायकल

सह्याद्रीच्या डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर वसलेल्या जव्हारात, जेथे मुकणे घराण्याच्या संस्थानी अंमलाची साक्ष देणारा राजवाडा अद्याप उभा आहे, आषाढ लागला की धुके असे दाटते की पन्नास पावलांवरचे झाडही दिसेनासे होते. आणि दप्तर खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, ओढणी कमरेला खोचून शाळेकडे निघालेली एखादी सायकलस्वार मुलगी त्या धुक्यातून एकाएकी समोर येते, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात कौतुकाच्या आधी काळजी उभी राहते.

मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील १२५ मागास तालुक्यांत, ज्यांत जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही मोडतात, शाळेपासून ५ किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या इयत्ता ८वी ते १२वीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकल देण्याची तरतूद आहे. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. परंतु वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखात सायकल हाती आली, की पावसापासून बचाव कसा करावा हा प्रश्न नव्याने उपस्थित होतो. कारण पायी चालणाऱ्यासाठी येथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध केलेली साधने सायकलीवर निरुपयोगी ठरतात.

बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यात पाने बसवून केलेले इरले घ्या. वाकून आवणी करणाऱ्याचे डोके आणि पाठ ते झाकते व दोन्ही हात मोकळे ठेवते. त्या कामासाठी याहून सोयीची वस्तू मला ठाऊक नाही. सायकलीवर मात्र त्यात शिडासारखा वारा भरतो आणि स्वाराचा तोल जातो. घोंगडीची खोळ पाणी पिऊन जड होते, शिवाय तिचा काळा रंग धुक्यात विरून जातो. छत्री एक हात अडवते, आणि एका हाताच्या स्वाराजवळ ब्रेकही एकच उरतो. रेनकोट त्यातल्या त्यात बरा. पण त्याचा लांब घोळ चेनीत किंवा चाकाच्या तारांत अडकू शकतो, आणि मान वळवली तरी त्याची टोपी असते तेथेच राहत असल्याने, मागून येणारी एस. टी. दिसण्याऐवजी टोपीचे अस्तरच डोळ्यांपुढे येते. घोळ आवळून बांधावा आणि टोपी कपाळाशी नाडीने घट्ट करावी. चढावर तर आतल्या घामानेच अंग भिजते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, या प्रदेशात अंग पूर्ण कोरडे ठेवण्याचा हट्ट सायकलस्वाराने सोडावा. पुस्तके आणि बदलायचे कपडे तेवढे प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत कोरडे ठेवावेत, आणि स्वतःचे डोळे, हात व ब्रेक यांचा बंदोबस्त आधी करावा.

ब्रेकची गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे. साध्या सायकलीची रिम पोलादी असते. कोरड्या दिवशी ब्रेकचे रबर तिला घट्ट धरते. पावसात मात्र रबर आणि पोलाद यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो, आणि ब्रेक आवळला तरी रबर नुसते घसरत जाते. चाकाच्या काही फेऱ्यांत ते पाणी निपटून निघाले म्हणजे पकड बसू लागते, आणि तोपर्यंत उतारावरची सायकल कितीतरी पुढे गेलेली असते. म्हणून जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या नागमोडी रस्त्यावर उतार लागण्यापूर्वीच दोन्ही ब्रेक हलके हलके आवळीत राहावे, म्हणजे रिम पुसून निघते. वेग वळणाच्या आधी कमी करावा. ऐन वळणात पुढचा ब्रेक करकचून दाबला तर चाक निसटते. घरी आल्यावर सायकल ओटीला टेकवताना रबरात रुतलेले खडे काढावेत, रिम फडक्याने पुसावी, चेनीला दोन थेंब तेल द्यावे, आणि मागच्या लाल रिफ्लेक्टरवरचा चिखलही त्याच फडक्याने काढावा, कारण धुक्यात मागच्या गाडीवानाला तोच आधी दिसतो.

पहिल्या पावसात डांबरावर साचलेले तेल वर येते आणि रस्ता निसरडा होतो. शेवाळ, शेण, ओला पाचोळा यांवरून जाताना सायकल सरळ ठेवावी. विजा कडाडू लागल्या तर सायकल बाजूला ठेवून एखाद्या पक्क्या घराचा आसरा घ्यावा, एकट्या झाडाचा घेऊ नये.

सर्वांत मोठी धास्ती मात्र ओढ्यांची. फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे दिसले तरी त्यात सायकल घालू नये, हाताने ढकलतही नेऊ नये. गढूळ पाण्याखाली फरशी कोठे खचली आहे हे दिसत नाही, पाण्याचा रेटा माणसाबरोबर सायकललाही ओढतो, आणि घरातली मोलाची वस्तू म्हणून मुलगी हँडल सोडायला तयार होत नाही. अलीकडे थांबावे, पाणी न ओसरल्यास माघारी फिरावे. अशा दिवशी उशिरा पोहोचलेल्या किंवा पोहोचूच न शकलेल्या मुलीचे नाव घेताना, गुरुजींनी हजेरीपटावर खूण करण्याआधी त्या ओढ्याला किती पाणी होते याची चौकशी करावी.