आच्छादनही गाळून घ्यावे

घरामागील चार वाफ्यांची परसबाग असो वा गच्चीवरील वीस कुंड्या असोत, ऊन वाढू लागले की मातीवर आच्छादन घालावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. सल्ला योग्यच आहे. दोन-तीन इंच जाडीचा पालापाचोळा पसरला की माती तापत नाही, ओलावा टिकतो, तण कमी उगवते आणि पाला कुजून जमिनीस सेंद्रिय द्रव्य मिळते. तण कमी म्हणजे खुरपणी कमी, आणि खुरपणी कमी म्हणजे मातीतील जीवांची हानीही कमी. अहिंसेचा विचार करणाऱ्या कुटुंबास ही रीत सहज पटावी अशीच आहे.

तथापि, हे आच्छादन आणले कोठून, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. पाचोळ्याची गोणी म्हणजे केवळ सुकलेली पाने नव्हेत. सावली, ओल आणि अन्न या तिन्ही गोष्टी एकत्र देणारे ते एक निवासस्थान असते. त्यात कोण राहावयास आले आहे, हे न पाहता गोणी घरी आणली, तर पाल्याबरोबर पाहुणेही येतात आणि ते परत जात नाहीत.

या पाहुण्यांत सर्वांत उपद्रवी म्हणजे मोठी आफ्रिकी शंखी गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेतील ही गोगलगाय १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखसंग्राहकाने मॉरिशसहून कोलकात्यास आणली आणि चौरंगी भागातील एका बागेत सोडली. एका बागेपासून सुरू झालेला हा प्रवास पुढे देशभर पसरला. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०११ मध्ये मायामी परिसरात ती आढळली. तिचे उच्चाटन झाल्याची घोषणा करण्यास २०२१ उजाडले, आणि पुढच्याच वर्षी राज्याच्या दुसऱ्या भागात ती पुन्हा दिसली.

ही गोगलगाय उभयलिंगी असून एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. अंडी साबुदाण्याच्या दाण्याएवढी, फिकट पिवळसर असतात आणि पाल्याखालील ओलसर मातीत पुंजक्याने आढळतात. कोरड्या ऋतूत ती शंखाचे तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून महिनोन्महिने निपचित पडून राहते. त्यामुळे गोणी कोरडी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. शिवाय तिच्या शरीरात उंदरांच्या फुप्फुसातील एक कृमी असू शकतो. तो माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाचा दाह होण्याचा धोका असतो. म्हणून तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये, तसेच बागेतील पालेभाजी नीट धुऊन, शिजवूनच खावी.

दुसरा पाहुणा गेंड्या भुंगा. कोकणातील नारळ-बागायतदारांस तो परिचित आहे. त्याची मादी कुजणाऱ्या ओंडक्यांत, शेणखताच्या व पाल्याच्या ढिगांत अंडी घालते आणि प्रौढ भुंगा माडाचा कोवळा सुईरा पोखरतो. हवाई बेटांवर तो २०१३ मध्ये प्रथम आढळला, आणि लाकडाच्या भुग्याचे व कंपोस्टचे ढीग हीच तेथे त्याची प्रजननस्थाने ठरली. हुमणीचेही तसेच. न कुजलेल्या शेणखतातून तिच्या अळ्या बागेत येतात आणि मुळांवर जगतात. गाजरगवताची गोष्ट तर महाराष्ट्राचीच आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. एका झाडापासून हजारो बारीक बिया तयार होतात, आणि रस्त्याकडेला कापलेल्या गवताच्या आच्छादनातून त्या अलगद घरी पोहोचतात.

म्हणून कर्ज मंजूर करण्यापूर्वी जशी तारणाची तपासणी होते, तशीच आच्छादनाची तपासणी घरात येण्यापूर्वी व्हावी.

सर्वांत विश्वासाचा पाला म्हणजे स्वतःच्या अंगणातील. तो बाहेरून काहीच आणत नाही. तो पुरेसा नसल्यास उगम ठाऊक असलेली सामग्री निवडावी. सांगली-कोल्हापूर भागात ऊसतोडणीनंतर निघणारे कोरडे पाचट उत्तम. मात्र ते त्याच हंगामात थेट शेतातून उचललेले असावे. बांधावर पावसाळाभर भिजत पडलेला ढीग घेऊ नये. भाताचा नवा पेंढा, तूस आणि नारळाच्या सुक्या शेंड्या याही चांगल्या. रस्त्याकडेचे गवत, उगम ठाऊक नसलेला बागकचरा आणि अर्धवट कुजलेले खत टाळावे. खरेदी शक्यतो फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या काळात करावी.

गोणी आणल्यावर ती थेट वाफ्यात रिकामी करू नये. अंगणात जुनी पांढरी चादर पसरून पाला पातळ थरात झटकावा. शंख, साबुदाण्यासारखे पुंजके, इंग्रजी ‘सी’ अक्षराप्रमाणे वळलेल्या पांढऱ्या अळ्या आणि गवताचे तुरे दिसतात का, ते पाहावे. गोणीचा तळ विसरू नये. साठवण विटांवर, जमिनीपासून उंच व कोरडी असावी. पसरताना झाडाच्या बुंध्याभोवती चार बोटे आणि घराच्या भिंतीलगत वीतभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे बुंधा कुजत नाही आणि वाळवी भिंतीकडे वळली तर लगेच दिसते.

जीव आढळलाच तर काय करावे? येथे आपल्या घरांतील जुना संस्कार मार्ग दाखवितो. पाणी गाळल्यावर गाळण्यात आलेले जीव ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत परत सोडण्याची रीत आहे. तोच न्याय येथे लावावा. गोणी बांधून जेथून आली त्याच ढिगाकडे परत द्यावी आणि देणाऱ्यास कारण सांगावे. गोगलगायीवर मीठ टाकणे ही क्रूर रीत आहे. परंतु दयेपोटी तिला नदीकाठी वा माळावर सोडून येणे हीदेखील अहिंसा नव्हे. नव्या ठिकाणी तिची शेकडो पिल्ले होतात, कोणाचे तरी पीक जाते, आणि मग तेथे विषारी गोळ्या पडतात. त्या गोळ्यांनी केवळ गोगलगायीच मरतात असे नाही.

एकदा बागेत वस्ती झाली की मात्र सोपा मार्ग उरत नाही. सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट ठेवून त्या गोळा करता येतात. पण गोळा केलेल्यांचे पुढे काय, हा प्रश्न राहतोच. कृषी विभागाचा सल्ला त्या मिठाच्या किंवा चुन्याच्या पाण्यात टाकण्याचा असतो. सोडल्या तर दुसऱ्याचे नुकसान, मारल्या तर स्वतःच्या हातून हिंसा. हा पेच ज्या कुटुंबावर येतो, त्यास तो दिवसेंदिवस सोडवीत बसावे लागते.

त्यामानाने चादरीवर पाला झटकण्यास लागणारा अर्धा तास अगदीच थोडा आहे. यंदाचे आच्छादन आणण्यापूर्वी एक जुनी चादर बाजूस काढून ठेवावी आणि विक्रेत्यास पहिला प्रश्न दराचा नव्हे, तर उगमाचा विचारावा.